डबलडेचा चेंडू आणि माझी चरखी



मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी. नोकरीत मराठी जवानांच्या पलटणीबरोबर बरीच वर्षं काढली, आणि आता महूला राहतो. या व्याख्यानमालेत मला बोलवलं तेव्हा आयोजकांना वाटलं असावं की मी एखाद्या लढाईवर बोलेन. मी म्हटलं, बेसबॉलवर बोलतो. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, बेसबॉल? आपल्या लोकांना?" मी म्हटलं, हो, आपल्याच लोकांना. का, ते शेवटी कळेल.

टेबलावर दोन वस्तू आहेत. एक हा चेंडू आणि एक ही लाकडी फळी. फळीकडे आपण शेवटी येऊ. आधी चेंडू.

क्रिकेटच्या चेंडूची शिवण मधोमध सरळ फिरते. याची बघा, घोड्याच्या नालासारखी वळणं घेत जाते. आठाच्या आकाराचे चामड्याचे दोन तुकडे एकमेकांत बसवून लाल दोऱ्याने १०८ दुहेरी टाके घालतात. आपल्याकडे जपमाळेचे मणी १०८, त्यामुळे हा आकडा कुणी विसरत नाही. वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं कमी, पण घेर थोडा जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांचे चेंडू आजही हातानेच शिवतात, आणि तेही अमेरिकेत नाही, मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका नावाच्या छोट्या देशात.

हा चेंडू मात्र मोठ्या सामन्यातला नाही. उत्तराखंडात रानीखेतजवळ अमेरिकी सैन्याबरोबर आमचा संयुक्त सराव होता. सुट्टीच्या दुपारी त्यांची पोरं हेलिपॅडवर बेसबॉल खेळायची. आमची पोरं आधी हसली, मग बघायला लागली, मग खेळायला लागली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या एका सार्जंटने मला हा चेंडू दिला. बरोबर एक चिठ्ठी होती. तिच्यात तारीख, जागा आणि पुढे एवढंच: हा चेंडू हेलिपॅडवरच्या सामन्यात वापरला, आमची बाजू हरली, मी दोनदा बाद झालो. खाली सही.

मी त्याला म्हटलं, "अरे, काहीतरी भारी लिही की. लोकांना दाखवायला बरं." तो म्हणाला, "कर्नल साहेब, बेसबॉलमध्ये भारी लिहिलेले चेंडू फार आहेत. खरं लिहिलेले कमी आहेत."

त्या वाक्यामुळे मी निवृत्तीनंतर बेसबॉलचा इतिहास वाचायला लागलो, आणि वाचता वाचता मला एक फौजी भेटला. मेजर जनरल ॲबनर डबलडे.

बेसबॉल कुणी शोधला, असं जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: ॲबनर डबलडे, साल १८३९, गाव कूपर्सटाउन, राज्य न्यूयॉर्क. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांनी हे पाठ केलं. यातलं एक अक्षरही खरं नाही, आणि ते कसं चिकटलं हीच आजची गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन माणसांत वाद होता. एक हेन्री चॅडविक. जन्माने इंग्रज, लहानपणी अमेरिकेत आला, बेसबॉलवर लिहिणारा पहिला मोठा पत्रकार. सामन्याचा हिशोब कोष्टकात छापण्याची बेसबॉलमधली पद्धत त्यानेच रूढ केली. तो म्हणायचा, बेसबॉल हा इंग्लंडमधल्या राउंडर्स नावाच्या पोरांच्या खेळातून आलाय. दुसरा अल्बर्ट स्पाल्डिंग. आधी नावाजलेला खेळाडू, नंतर खेळाच्या सामानाचा बडा कारखानदार. त्याला हे मान्य नव्हतं. आमचा राष्ट्रीय खेळ, आणि तो इंग्रजांचा उष्टा?

मग जे सरकारं करतात ते स्पाल्डिंगने केलं. १९०५ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली. प्रमुख होते ॲब्राहम मिल्स, व्यावसायिक संघांच्या नॅशनल लीगचे माजी अध्यक्ष. समितीवर सगळे प्रतिष्ठित लोक, पण इतिहासाचा अभ्यासक एकही नाही. वर्तमानपत्रांतून आवाहन केलं: जुन्या आठवणी असतील तर कळवा.

आणि एक पत्र आलं. लिहिणारा ॲबनर ग्रेव्हज, खाणींचा इंजिनीअर, वय ७१. त्याने लिहिलं की कूपर्सटाउनमध्ये लहानपणी माझ्या डोळ्यांदेखत डबलडेने हा खेळ आखून दाखवला. कोणत्या साली? एका निवडणुकीच्या आधीच्या किंवा नंतरच्या वसंतात, असा त्याचा हिशोब, म्हणजे साल त्याला स्वतःलाच नक्की सांगता येत नव्हतं. समितीने १८३९ धरलं. ग्रेव्हजचा जन्म १८३४ चा. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाने पाहिलेली गोष्ट सहासष्ट वर्षांनी सांगितलेली. सोबत एकही कागद नाही, दुसरा साक्षीदार नाही. त्याची उलटतपासणी कुणी केली नाही.

डिसेंबर १९०७ मध्ये मिल्स यांनी निष्कर्ष दिला: खेळ अमेरिकन, जनक डबलडे.

आता मी फौजी माणूस आहे, तेव्हा डबलडेची सर्व्हिस फाइल उघडू.

जन्म १८१९. १८३८ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल, १८४२ मध्ये बाहेर. म्हणजे १८३९ साली हा गृहस्थ कॅडेट होता. कॅडेटला सुट्टी किती मिळते ते इथल्या फौजींना विचारा. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर हल्ला होऊन अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, तेव्हा किल्ल्याच्या बाजूने पहिली तोफ यानेच रोखून डागली. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला कोअर कमांडर जनरल रेनॉल्ड्स पडले, तेव्हा ऐन लढाईत त्या कोअरची सूत्रं याने हातात घेतली. युद्धावर दोन पुस्तकं लिहिली. १८९३ मध्ये वारला. एवढं लिहिणारा माणूस, पण बेसबॉल मी शोधला असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेखातही बेसबॉलचं नाव नाही. बालपणाबद्दल त्याला कुणी विचारलं होतं, तेव्हा त्याने कळवलं की मला वाचनाची आणि गणिताची आवड, आणि मैदानी छंद म्हणाल तर आसपासच्या मुलखाचे नकाशे काढण्याचा.

बेसबॉलशी त्याचा एक लेखी संबंध मात्र सापडतो, आणि तो वाचून मी मोठ्याने हसलो. १८७१ मध्ये तो टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या २४ व्या पायदळ रेजिमेंटचा कमांडर होता. त्याने वर अर्ज केला की जवानांच्या करमणुकीसाठी बेसबॉलचं सामान घ्यायला परवानगी मिळावी. आपल्या भाषेत, इंडेंट. बेसबॉलच्या तथाकथित जनकाचा कागदावरचा पुरावा काय, तर पोरांना खेळायला बॅट-बॉल द्या. एक कमांडिंग ऑफिसर म्हणून मला तो माणूस तिथे खरोखर आवडला.

मिल्स यांची आणि डबलडेची जुनी ओळख होती. दोघेही त्याच युद्धातले, माजी सैनिकांच्या संघटनेतले. इतक्या वर्षांत मित्राने आपल्याला एकदाही कसं सांगितलं नाही, हा प्रश्न मिल्स यांना पडायला हवा होता. १९२६ मध्ये त्यांना पुराव्याबद्दल विचारलं, तेव्हा कूपर्सटाउनबद्दल ठोस पुरावा नाही हे त्यांनी कबूल केलं. तोवर उशीर झाला होता. कथा शाळेच्या पुस्तकांत गेली होती.

कथेला आता फक्त वस्तू हवी होती. तीही मिळाली.

१९३०च्या दशकात कूपर्सटाउनजवळच्या फ्लाय क्रीक नावाच्या वस्तीत, एका माळ्यावरच्या जुन्या पेटीत एक चेंडू सापडला. हाताने शिवलेला, आत चिंध्या भरलेला, उसवलेला. ती पेटी ग्रेव्हजची, म्हणून चेंडू ग्रेव्हजचा, म्हणून डबलडेने तो हाताळला असणार. बघा, "म्हणून" हा शब्द किती सामान वाहतो. स्टीफन क्लार्क नावाच्या धनिकाने तो पाच डॉलरला विकत घेतला. तुमच्यापैकी अनेकांच्या आजीकडे सिंगरचं शिलाई मशीन असेल. त्या कंपनीच्या संपत्तीचा हा वारस. त्याने चेंडू गावात प्रदर्शनात ठेवला. मंदीचे दिवस होते, गावाला पाहुणे हवे होते. त्यातून संग्रहालय उभं राहिलं आणि १२ जून १९३९ रोजी खेळाच्या "शताब्दीला" बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं. बेब रूथसारखे दिग्गज हजर होते. टपाल खात्याने तीन सेंटचं तिकीट काढलं.

आज हे बेसबॉलप्रेमींचं पंढरपूर आहे. चेंडू तिथेच आहे. डबलडेने खेळ शोधला नाही, हे आता संग्रहालयही मान्य करतं. आणखी गंमत म्हणजे हॉल ऑफ फेमच्या सन्मानितांत चॅडविक आहे, स्पाल्डिंग आहे, पण डबलडे नाही. ज्याच्या नावावर देऊळ बांधलं, तो गाभाऱ्यात नाही.

मग बेसबॉल आला कुठून?

विटी-दांडू कुणी शोधला? लगोरी कुणी शोधली? उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. बेसबॉलचंही तसंच. १७४४ मध्ये लंडनला जॉन न्यूबेरीने मुलांसाठी एक छोटं पुस्तक छापलं, त्यात हे नाव आहे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीची नायिका लहानपणी क्रिकेट आणि बेसबॉल खेळते, आणि ती कादंबरी लेखिका वारल्यावर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. डबलडे तेव्हा जन्मलाही नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाचा १७९१ चा एक नियम आहे: गावाच्या सभागृहाच्या खिडक्यांजवळ बेसबॉल खेळायला बंदी. हा कागद २००४ मध्ये इतिहासकार जॉन थॉर्न यांनी उजेडात आणला. मला हा पुरावा फार पटतो, कारण त्याला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. त्याला फक्त काचा वाचवायच्या होत्या. आपल्या गल्लीतसुद्धा क्रिकेटचा सगळ्यात जुना लेखी पुरावा बहुधा शेजारच्या काकांची तक्रारच असेल.

पोरांच्या या खेळाला शिस्त लावली ती न्यूयॉर्कच्या साध्या लोकांनी. १८४५ मध्ये निकरबॉकर नावाच्या क्लबने नियम लिहून काढले. कारकून, व्यापारी, डॉक्टर असे हे लोक. १९ जून १८४६ रोजी हडसन नदीपलीकडे होबोकनला त्यांचा सामना झाला आणि त्यात नियम लिहिणारे २३–१ असे हरले. पुढे १८५७ मध्ये नऊ खेळाडू, नऊ डाव आणि दोन बेसमध्ये नव्वद फूट अंतर, हे ठरलं. त्यात मोठा वाटा डॉक्टर डॅनियल ॲडम्स यांचा. सुरुवातीच्या काळात चेंडू मिळत नसत, तेव्हा हे डॉक्टर स्वतः चेंडू बनवून देत. १८५७ च्या नियमांची हस्तलिखितं २०१६ मध्ये लिलावात ३२ लाख ६० हजार डॉलरला गेली. पण ॲडम्स हे नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत. डबलडे कदाचित आधी ऐकलं असेल.

का? कारण नाव जनरलचं असलं की कथा शोभते. समितीला जनक हवा होता. खिडक्या फोडणारी पोरं आणि चेंडू शिवणारा डॉक्टर असा जनक चालत नाही. घोड्यावर बसलेला चालतो.

आता वस्तूंच्या बाजाराकडे येऊ. आपल्याकडे जुनी नाणी आणि तिकिटं जमवणारे असतात, तसे तिकडे बेसबॉलच्या वस्तू जमवणारे असतात. पैसा मात्र डोळे पांढरे करणारा.

१९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रं घालायची. त्यात पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा मोठा खेळाडू. त्याने आपलं चित्र छापायला हरकत घेतली आणि छपाई थांबली. पोरांनी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं काही म्हणतात; पैशावरून, असं काही म्हणतात. तो स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिलं कारण जरा जपून घ्यावं. आज त्या चित्राच्या साधारण साठेक प्रती शिल्लक आहेत. २०२२ मध्ये एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. आणखी एक प्रत सगळ्यांत चांगल्या स्थितीतली म्हणून जगप्रसिद्ध होती. २००७ मध्ये तिला २८ लाख डॉलर मिळाले. २०१३ मध्ये पूर्वी ती हाताळलेल्या एका लिलावदाराने कोर्टात कबूल केलं की तिच्या कडा मीच कापून सरळ केल्या होत्या. जी सर्वांत निर्दोष म्हणून पुजली, ती कात्रीने निर्दोष केलेली होती.

सह्यांचं तर विचारूच नका. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर मोठी मोहीम चालवली. 'ऑपरेशन बुलपेन' तिचं नाव. सॅन डिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला आपल्याच क्लबच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला दिसल्या आणि त्याने तपासात मदत केली. छाप्यांत जे चेंडू मिळाले त्यांत काहींवर कुणाची सही असावी? मदर तेरेसांची. कोलकात्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या बाई बेसबॉलवर सही कधी आणि कशाला करतील, एवढा प्रश्नही घेणाऱ्याला पडत नाही. हौसेपुढे अक्कल गहाण.

याच्या उलट उदाहरण बेब रूथच्या शर्टाचं. १ ऑक्टोबर १९३२, शिकागो, अंतिम मालिकेचा तिसरा सामना. रूथने म्हणे बोटाने दाखवलं की चेंडू तिकडे जाणार, आणि खरंच तिकडे मारला. तो शर्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरला गेला. जुन्या छायाचित्रांशी शिवणी आणि अक्षरांची जागा जुळवून शर्ट त्याच सामन्यातला असल्याचं ठरवलं गेलं. पण रूथने बोट नक्की कशाकडे दाखवलं, मैदानाच्या टोकाकडे, गोलंदाजाकडे की शिव्या देणाऱ्या समोरच्या संघाकडे, यावर आजही वाद आहे. वस्तू खरी ठरली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. आणि डबलडेच्या चेंडूचं बघा. चेंडू जुना आहे, यात शंका नाही. खोटी आहे ती त्याला बांधलेली चिठ्ठी.

या सगळ्या फसवणुकीनंतर मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये एक व्यवस्था सुरू केली. ती वाचताना मला आमचं कोत आठवलं. कोत म्हणजे शस्त्रागार. तिथे रायफल सही करून निघते, सही करून परत येते, आणि रोज मोजली जाते. "मी ठेवली होती, तीच असेल," हे वाक्य तिथे चालत नाही. बेसबॉलमध्येही आता प्रत्येक सामन्याला साक्षीदार बसवतात, बरेचसे आजी-माजी पोलीस. वस्तू मैदानातून त्यांच्या डोळ्यांसमोर हातात आली तरच तिच्यावर क्रमांकाचा चिकटपट्टा लागतो. नजरेआड गेली की संपलं. षटकाराचा चेंडू प्रेक्षकांत पडला, दहा हात मध्ये आले, तर एरवी त्याला शिक्का नाही, मग पकडणारा कितीही शपथा घेवो. म्हणूनच विक्रम होण्याची शक्यता असली की आधीच खूण केलेले चेंडू वापरतात.

हे सगळं मी एका संध्याकाळी घरी बायकोला सांगत होतो. अगदी रंगात येऊन. पाच वर्षांचा साक्षीदार काय, "म्हणून"ची साखळी काय. तिने शांतपणे ऐकलं, भिंतीकडे हात केला आणि म्हणाली, "एक डबलडे आपल्याकडेही टांगलाय."

ती म्हणजे ही फळी. यावर पितळेची छोटी चरखी बसवलीय आणि खाली कोरलंय: मेजर साहेबांची चरखी. पुढे पलटणीचं नाव आहे, ते मी झाकलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कंपनी कमांडर होतो, उत्तर सीमेवरच्या उंच चौकीवर. खालच्या तळावरून वर रॉकेलचे जेरीकॅन न्यायचे. हिवाळ्यात वाट काचेसारखी. पाठीवर वीस लिटर घेऊन पोरं चढायची, घसरायची. एकाचा पाय मोडला. मग वर चौकीच्या कडेला गाडीच्या चाकाची रिम आडवी बसवली, तीवरून दोर सोडला आणि जेरीकॅन वर यायला लागले. ओढणारी पोरं वर खेचत नव्हती. दोर खांद्यावर घेऊन दुसऱ्या बाजूच्या उताराने खाली चालत होती. माणूस खाली, माल वर. त्या हिवाळ्यात पुन्हा कुणाचा पाय मोडला नाही.

ब्रिगेड कमांडर पाहणीला आले. विचारलं, "किसका आइडिया है?" आमचे सुभेदार साहेब ताड्कन म्हणाले, "मेजर साहब का, सर." मी म्हटलं, "टीमवर्क, सर." मंडळी, टीमवर्क हा फार सोयीचा शब्द आहे. नम्रपणा दिसतो आणि श्रेयही जागचं हलत नाही. काही महिन्यांनी मला कमेंडेशन कार्ड मिळालं. पलटण सोडताना मेसमध्ये ही फळी मिळाली. पुढची वीसेक वर्षं मी ही गोष्ट पाहुण्यांना सांगत आलो.

आणि इथे मी खोटं बोलत नव्हतो, हे मला तुम्हाला सांगायचंय. मला तसंच आठवत होतं. मी कड्यावर उभा आहे, रिम बघतोय, मला कल्पना सुचतेय. हवेचा थंडपणासुद्धा आठवत होता.

बायकोने माळ्यावरून पेटी काढली. आमच्याकडेही पेटी निघाली! तीत माझी त्या काळातली अंतर्देशीय पत्रं. त्याच आठवड्याचं पत्र तिने काढलं. माझंच अक्षर. लिहिलंय की आज आमच्या एका हवालदाराने कमाल केली. त्याच्या गावाकडे विहिरीवर मोट होती. तो म्हणाला, साहेब, बैल कधी चढ चढत नाही, धावेवरून खाली चालतो, पाणी आपोआप वर येतं. आपणही खाली चालू. मी फक्त दोर मिळवून दिला.

हे माझं पिट्सफील्ड. त्या पत्राला काही सिद्ध करायचं नव्हतं. बायकोला खुशाली कळवायची होती, बस.

ग्रेव्हजला मी किती हसलो होतो. त्याने निदान श्रेय दुसऱ्याला दिलं होतं. आणि डबलडे? तो बिचारा वारल्यावर त्याच्या नावावर हे चढवलं. त्याला "नाही" म्हणायची संधीच मिळाली नाही. मला मिळाली होती. ब्रिगेड कमांडर माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते.

मी पत्राची प्रत पलटणीच्या सध्याच्या सीओंना पाठवली आणि नोंद दुरुस्त करायची विनंती केली. त्यांनी सभ्यपणे कळवलं की नोंद घेतली आहे. मग हवालदारांचा नंबर मिळवला. सातारा जिल्ह्यातल्या गावी असतात, शेती बघतात. आवाज ओळखून म्हणाले, "जय हिंद, साहेब. तब्येत बरी हाय न्हवं?" मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यात माझं तरी काय, साहेब? मोट आज्याची. आज्यानं त्याच्या आज्याची बघितली आसंल."

मला वाटलं, सुटलो. ही तर बेसबॉलचीच गोष्ट झाली, कुणीच जनक नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "फकस्त तवा ते कार्ड आमच्या नावावर असतं, तर बढतीला उपेगी पडलं असतं. ऱ्हायलं ते. सोडा आता."

ते हवालदार म्हणूनच घरी गेले. जेसीओ झाले नाहीत. एका कार्डाने झाले असते का, हे मी किंवा ते कुणीच सांगू शकणार नाही. पण आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. इतिहासातल्या चुकीच्या नोंदीने डबलडेचं काही बिघडलं नाही. ॲडम्सचं बिघडलं. चूक नेहमी त्याच बाजूने पडते, ज्या बाजूला नाव लहान असतं.

फळी मी काढून टाकली नाही. कूपर्सटाउननेही चेंडू फेकून दिलेला नाही, आणि ते बरोबरच केलं. बदलायची असते ती चिठ्ठी. फळीखाली मी एक कागद चिकटवलाय. त्यावर हवालदारांचं पूर्ण नाव, गाव, कल्पना त्यांची, मूळ मोटेचं, दोर मेजरने मिळवून दिला, असं लिहिलंय. खाली तारीख आणि माझी सही. घरी येणाऱ्याला आता हीच गोष्ट सांगतो. आधीच्या गोष्टीपेक्षा लोकांना ती जास्त आवडते, हे मला अपेक्षित नव्हतं.

तुमच्याही घरात काहीतरी असेल. आजोबांची तलवार, पणजीची नथ, कुणा मोठ्या माणसाने सही केलेली बॅट. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या: हे तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं? कुणाकडून? आणि तिथे आणखी कोण होतं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. मग लिहून ठेवा, तारीख घाला. "आमची बाजू हरली, मी दोनदा बाद झालो" असं असेल तर तसंच लिहा.

चेंडू इथे टेबलावरच ठेवतो. जाताना हातात घेऊन बघा, चिठ्ठीही वाचा. चेंडू पुन्हा जागेवर ठेवा मात्र, मी मोजून नेणार आहे.

जय हिंद.